कडी

मार्चमधल्या एका मंगळवारी
इद्वालनं फाटकाला साखळी घातली.
पाटी नाही, चिठ्ठी नाही,
नुसतं कुलूप, नवं,
दुकानातलं तेल अजून अंगावर.

आमची वाट त्याच्या रानातून जाते ती फक्त दोनशे पावलं.
वर टेकडी वनखात्याची, खाली ओढा कुणाचाच नाही,
मधली दोनशे पावलं त्याची, खापरपणजोबापासून त्याची.
तेवढी गेली की वरची सगळी वळणं,
लार्चच्या मुळांवरून घातलेल्या उड्या,
शेवटचा तो उतार, जिथं ब्रेक सोडला की
पोट गळ्याशी येतं,
सगळं लोंबकळत राहतं,
शिडीची खालची पायरी काढून नेल्यासारखं.

चॅपलच्या मागच्या खोलीत बैठक भरली.
ग्वाल्टर, ज्यानं जन्मात फावडं धरलं नव्हतं,
म्हणाला, कायदा आपल्या बाजूनं आहे.
नव्हता. मी नकाशा पाहिला होता.
जुनी तुटक रेघ आहे एक, पण ती घोड्यांची,
आणि शेजारच्या रानातून.
कुणी म्हणालं, सह्या गोळा करू.
कुणी म्हणालं, कुलूप कापायला किती वेळ लागतो!
मी चहाच्या कपात बघत बसले.
फाटक कुणी उघडं टाकलं, ते मला ठाऊक होतं.

उजेड जात होता त्या संध्याकाळी.
घड्याळात सहा मिनिटं चाळीस सेकंद,
आजवरच्या माझ्या सगळ्या वेळांपेक्षा कमी.
आता उतरायचं, कडी लावायची, परत चढायचं...
म्हटलं, मागून गेरेन्ट येतोय, तो लावील.
गेरेन्टची चेन वरच तुटली होती,
तो सायकल ढकलत पलीकडच्या बाजूनं घरी गेला.

सात मेंढ्या रस्त्यावर आल्या.
पहाटे वळणावरून दुधाचा टँकर आला.

मी गेले तेव्हा इद्वाल गोठ्यात, गुडघ्यांवर,
कोपरापर्यंत हात एका मेंढीत.
मी सगळं सांगितलं.
वेळसुद्धा सांगितली, का कोण जाणे.
तो म्हणाला, दिवा धर.
धरला.
खाली धर. मला पाय बघायचेत, तुझं तोंड नाही.
दोन पाय आले, मग नाक,
मग ओलं, पिवळं, वाफाळणारं काहीतरी
पेंढ्यावर पडलं आणि शिंकलं.

माफ केलं, असं नाही.
उद्या याच वेळेला ये, एवढंच.
एकोणीस रात्री गेले.
सकाळी माझ्या बसमधली शाळेची पोरं नाक धरून बसायची.
कुलूप जिथल्या तिथं.

मेमध्ये त्यानं वरचा ढासळलेला गडगा दाखवला, बोटानंच.
पहिल्या रविवारी आम्ही चौदा जण,
दुसऱ्या रविवारी सहा. ग्वाल्टरची पाठ धरली.
दगड बसला की आवाज बदलतो, इद्वाल म्हणाला,
टक् नाही, ठप्.
मला ते ठप् ऐकू यायला जून संपत आला.
मग वाटेला आडवे चर खणले, चिखल उपसला.
पाण्याला आधी वाट द्या, म्हणायचा, मग तुमची बघू.

आणि एक दिवस कुलूप नव्हतं.
साखळी होती, खांबावरच्या चाकातून ओवलेली,
टोकाला नांगराचा गंजका फाळ:
फाटक ढकललं की फाळ वर चढतो,
सोडलं की खाली येतो
आणि फाटक ओढून घेतो.
साखळी तीच.
‘तुमच्या भरवशावर नाही,’ इद्वाल म्हणाला, ‘या लोखंडाच्या.’
मार्च-एप्रिल बंद. बाकी पुढच्या वर्षी बघू.
कागद नाही, सही नाही,
हात पुढे केला, तोही शेणाचा.

मी अजून तिथं उतरते.
फाळ खाली येतो, फाटक लागतं, कडी पडते,
तरी एकदा हलवून बघते.
मागून गेरेन्ट ओरडतो, अगं, लागलंय ते!
दिसतंय मला, लागलंय ते.