वळण्याआधी

वळणाचा दांडा आठवडाभर लुळा.
लेम्पी तो बोटांनी उचलून धरूनच वळायची.
आज शेडमध्ये हीटर लावून
तिने स्टीअरिंग उतरवलं.
आत, तारांच्या जुडग्याखाली,
एक स्क्रू निम्मा बाहेर आलेला,
दुसरा गायबच.

"इथून हँकॉकपर्यंत चिटपाखरू नाही,"
भाऊ आर्वो दारातून म्हणाला,
"वळतेयस हे सांगणार कुणाला?"
ती काही बोलली नाही.
दातांत टॉर्च होता.

शिवणाच्या डब्यात सापडला एक,
जरा लांब. कानशीने घासला.
बसला.

मग बॅटरीची तार जोडून
दांडा खाली केला.
टक् टक् टक्
दाराबाहेरच्या बर्फावर नारिंगी उजेड
येत-जात राहिला,
आणि आर्वो, नकळत,
बाजूला सरकला.