वाफेची पेटी

चिलोए बेटावर एलादियो बार्रिया होड्या बांधायचा
आणि हातात असेल ते माझ्यावर फेकायचा.
हातोडी, खिळ्यांचा डबा, एकदा अर्धा पाव.
मी चौदा वर्षांचा. नाव सेगुंदो, म्हणजे दुसरा.
पहिला शिकाऊ आधीच पळाला होता.

महिन्यातून एकदा पुस्तकांची लाँच धक्क्याला लागे.
त्या हिवाळ्यात त्यानं रागावरचं जाड पुस्तक आणलं.
चुलीपाशी ओठ हलवत वाचायचा,
सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं इतक्या रेघा मारायचा
की पान कुंपणासारखं दिसे.
"खरंय, अगदी खरंय," म्हणत
ओर्तेन्सियाला मोठ्यानं ऐकवायचा.
ती विणता विणता विचारायची, "मग?"

सकाळी ये रे माझ्या मागल्या.
पटाशी माझ्या कानाजवळून गेली.

एकदा फळ्या वाफवत होतो.
इंचाला एक तास, हा त्याचाच नियम.
पेटीतून निघालेली फळी ओल्या चामड्यासारखी वाकली,
मी शिकंजे आवळले,
आणि भूक लागली म्हणून, निवायच्या आत, सोडले.
फळी सावकाश सरळ झाली,
जणू वाफ कधी लागलीच नव्हती.

मी डोकं हातांत लपवलं.
काहीच आलं नाही.
हातोडी उगारून तो फळीकडे बघत उभा,
ओठ हलत होते, वाचताना हलायचे तसे.
"वाफ मिळाली हिला," म्हणाला. "भरपूर मिळाली."
पुढचं बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दारापाशी एक खुंटी आली.
राग आला की हातातलं खुंटीला टांगायचं,
धक्क्यापर्यंत जायचं, पाण्यात हात बुडवायचे,
परत येऊन बोलायचं.
बाकी सगळं पुस्तक त्यानं सोडून दिलं.
भिंतीवर खडूची रेघ मारायची, ते काम माझं.
पहिल्या आठवड्यात तेवीस रेघा.
दोनदा विसरला; मी खुंटीकडे बोट दाखवलं
आणि जीव घेऊन पळालो.
गाव हसायचं: या माणसाचं समुद्राकडे
एवढं काय काम असतं?

वसंतात खडू संपला.
नवा आणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता तो थकलाय. परवा त्या पुस्तकाचं नाव विचारलं,
त्याला आठवेना.

काल माझ्या शिकाऊ पोरानं
सायप्रसची नवी कोरी फळी चिरली.
मी धक्क्यावर गेलो होतो हे मला
परत आल्यावर कळलं.
हात ओले होते.