दोन किलो, म्हणायला

येळ्ळूरला पुतणीच्या लग्नात
जेवण झालं आणि पंगतीतून मला उठता येईना.
दोन पोरींनी काखेत हात घालून उचललं,
तांदळाचं पोतं उचलतात तसं.
पोतं मला ठाऊक आहे.
चाळीस वर्षं वडगावात किराणा होता आमचा.
पोतं हसत नाही. मी हसले.

फिजिओवाली पोर बैलहोंगलची,
मराठी बोलते खडे निवडल्यासारखी, थांबून थांबून.
"अज्जी, गुडघा म्हातारा नाही, मांडी रिकामी आहे.
खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं. दहादा.
मग हातात वजन घ्यायचं."
"ते कुठनं आणू?"
"घरात असेल ते."

घरात होतं.
इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हापासून माळ्यावर,
गोणपाटात गुंडाळलेलं:
पाव, अर्धा, किलो, दोन किलोची जोडी,
आणि पाच किलोचं, त्याला अजून हात लावलेला नाही मी.
मिठानं गंजलेली. एकाला गूळ चिकटलेला, मुंग्या नसलेला.

दुकानाचं नाव छापलेल्या दोन कापडी पिशव्या,
एकेकीत दोन किलो.
सकाळी सहाला मागच्या दारी, साडी खोचून.
पलीकडच्या कट्ट्यावर नीलव्वा मिश्री लावत बसते
आणि न सांगता मोजते:
ओंदु. एरडु. मूरु.
मी मनात मराठीत मोजते.
सातावर आमची चुकामूक होते.
मी ओरडते, "साकु!"
ती म्हणते, "अजून एक की ग."
भांडायचं झालं की मी कानडीत भांडते,
ती मराठीत समजूत घालते.

पहिला आठवडा केस विंचरायलाही हात वर जाईना.
तिसऱ्या आठवड्यात कुकरचं झाकण
सुनेला हाक न मारता उघडलं.
कुणाला सांगितलं नाही. दोनदा उघडलं.

महिना झाला तेव्हा लक्षात आलं,
डावा हात दमत नाही.
मी तर उजवी.
पिशव्या बदलल्या. आता उजवा दमेना.
वजनं काढून उलटी केली.
बुडाला शिशाचा शिक्का असतो.
एकाला होता.
दुसऱ्याला नुसतं भोक,
बोट जाईल एवढं, आत कोळ्याचं जाळं.
कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवलं:
एक किलो आठशे नव्वद.

वजनमापवाले यायचे त्या दिवशी
हे आतून पाणी मागायचे.
मी तांब्या घेऊन बाहेर,
परत जाताना पदराखाली एक वजन.
"चुलीमागं ठेव."
ठेवायची.
हाताला तेव्हा कळलं नव्हतं, असं म्हणवत नाही.
फोटोपुढं जाऊन उभी राहिले.
ह्यांना सांगायची सवय नव्हती, मला विचारायची.

नीलव्वा आमच्याकडून कधी डाळ घेत नसे.
समोर राहून शहापूरच्या बाजारातनं आणायची,
चालत, उन्हाची.
मी म्हणायची, कानडी आहे, आमच्यात कशी येईल.
गल्ली पण तसंच म्हणायची.
पाट्यांना काळं फासलं त्या वर्षी तर
मी तिच्याकडं विरजणसुद्धा मागितलं नव्हतं.

आज हलक्या वजनाला
एकशेदहा ग्रॅम तूरडाळ बांधली, ह्यांच्या रुमालात.
पिशवीत ठेवायच्या आधी तिनं पाहिलंच.
"काय ग बांधलालीस?"
"भर घातली."
मिश्रीचं बोट तोंडातच राहिलं तिचं.
गाठोड्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं,
मग दुकानाच्या नावाकडं,
जे धुऊन धुऊन अर्धं गेलंय.
मी म्हटलं, "आज पाचवा आठवडा."
"कुठला पाचवा," ती म्हणाली,
आणि थुंकून, पदरानं तोंड पुसून, नीट बसली.
"उचल.
ओंदु."