माइक चालू होता

सोमवार ते गुरुवार, सकाळी सात ते आठ,
बीजगणित माझ्या डाव्या कानात असतं.
उजवा मोकळा ठेवते पेशंटसाठी,
शिवाय बिबवेवाडीच्या चढावर मागून टेम्पो येतात.

मुजावर मॅडम म्हणतात, समजा क्ष बरोबर...
आणि मी दुसऱ्या मजल्यावरची बेल वाजवते.
सबनीस आजोबा दार उघडतात ते भांडायलाच:
साडेसहा सांगितलं होतंत. चहा नाही घेतलेला अजून.
मी सॉरी म्हणते. कानातलं समीकरण
मला न घेता एक पायरी पुढे जातं.

समजा.
शाळेत हा शब्द दमदाटीसारखा वाटायचा.
बाई फळ्यावर लिहायच्या, समजा,
आणि मला नाही समजायचं.
आता बत्तिसाव्या वर्षी लक्षात येतंय,
बाई नुसतं धरून चाल म्हणत होत्या.

धरून चालणं मला येतं.
शीर दिसत नाही पुष्कळदा.
जाड दंड, म्हातारी कातडी, केमो झालेले हात.
बोटाने चाचपायचं, कुठेतरी
किंचित उसळी लागते,
तिथे आहे असं धरायचं आणि सुई घालायची.
नऊ वर्षं करतेय.
क्षची किंमत काढताना मात्र हात कापतो.

स्क्रीनवर आम्ही त्रेचाळीस काळे चौकोन.
नाव बदलायचं राहूनच गेलं,
तिथे माझ्याऐवजी फोनचं नाव येतं.
मॅडम विचारतात, गॅलक्सी, आहात ना?
मी जिन्यात उभी राहून टाइप करते, हो मॅडम.
एका हातात जांभळ्या झाकणाची ट्यूब.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी माइक चालू राहिला.
अख्ख्या वर्गाने ऐकलं:
मूठ आवळा, काकू. अजून थोडी.
भीती वाटत असेल तर तिकडे कॅलेंडरकडे बघा.
झालं. आता सोडा. हळू सोडा.
काकूंचं 'एवढंच?' सुद्धा ऐकू गेलं.
मॅडमनी म्यूट केलं नाही.
का, ते मी अजून विचारलेलं नाही.

शनिवारी वर्ग खराखुरा, पौड रोडला,
तिसरा मजला, चारातला एक पंखा फिरतो.
इथे चौकोनांना पाय असतात, डबे असतात,
कोणाच्या डब्यात मेथी ते दारातच कळतं.
मॅडम स्क्रीनवर वाटतात त्याहून बऱ्याच बुटक्या,
फळ्याची वरची वीतभर जागा कोरीच राहते.

त्या शनिवारी त्यांनी विचारलं, गॅलक्सी कोण?
मी उठले. खडू हातात आला.
तीन क्षवर्ग उणे अकरा क्ष अधिक सहा.
अठराचे असे दोन अवयव, की बेरीज अकरा.
सहा आणि तीन, नाही.
अठरा आणि एक, नाही.
पुढे डोक्यात काहीच येईना,
सर्व्हर डाउन असल्यावर लॅबचं पान नुसतं फिरत राहतं, तसं.

मागच्या बाकावरून तेजल शिंगोटे म्हणाली,
मूठ आवळा, काकू.

वर्ग हसला. मला आधी 'काकू' लागलं,
एकोणीस वर्षांच्या पोरीकडून.
मग ती म्हणाली, आता सोडा. हळू सोडा.
आणि मी बघितलं तर खरंच आवळलेली होती,
आतला खडू मोडलेला.
मी हसले. नऊ आणि दोन.
लिहीत गेले सरळ खालपर्यंत,
शेवटच्या ओळीत चिन्ह चुकलं.
मॅडम म्हणाल्या, परीक्षेत याचा अर्धा मार्क जाईल,
आणि स्वतःच्या हाताने ते पुसलं.

सोमवारी पुन्हा दुसरा मजला.
माइक बंद आहे ना, दोनदा बघितलं.
सबनीस आजोबा म्हणाले, कानात गाणी का?
म्हटलं, बीजगणित.
ते माझ्याकडे बघत राहिले,
मग बाही वर सारली, मूठ न सांगता आवळली.
मला पस्तीस होते, म्हणाले. काढा.