कडेची बेरीज

गुरनुले बाबू म्हणतात, मॅडम, फक्त आकडा सांगा.
नऊ निबंध, ते लिहिलं. सायटेशन?
बारा.
बाराशे?
नाही हो. बारा.
सिंदेवाहीच्या कॉलेजात पंखा फिरतो
आणि पदोन्नतीचा फॉर्म
नदीतल्या गोट्याखाली फडफडत राहतो.

बारांतली सात डोंगरवार नावावर,
पाच लग्नानंतरच्या गहाणे नावावर.
कॉम्प्युटरला वाटतं या दोन बाया आहेत:
एकीनं दोन हजार अकरात लिहिणं सोडलं
आणि दुसरी त्याच साली कुठूनशी उगवली.

चार माझीच मला आहेत.
हे मी सांगत नाही, बाबू विचारत नाहीत.
एक कोण्या परदेशी पोराचं, त्यानं डोंगरवाल छापलं.
एकात लिहिलंय की चौथ्या पूर्वसिद्धीत भोक आहे.
तेही मोजतात.
भोक होतंच. पुढच्या निबंधात मी ते बुजवलं,
तो कोणी वाचला नाही.

आंतरराष्ट्रीय परिषदा: शून्य.
आमच्या विषयात शून्यं दोन जातींची.
एक, या खेपेला काही पडलं नाही म्हणून.
दुसरं, त्या खान्यात काही पडणारच नव्हतं म्हणून.
फॉर्मवर दोन्ही सारखीच गोल दिसतात.

विषय?
बीजगणितीय संख्याशास्त्र.
म्हणजे का जी? सोप्यात सांगा,
रकान्यात वीसच शब्द मावतात.

सोप्यात सांगायचं तर
माझे बाबा तेंदूच्या फळीवर मुनशी होते.
मोहाखाली पोतं, पोत्यावर वही,
सत्तर पानांचा एक पुडा.
उभ्या रेघांत तारखा, आडव्या रेघांत बाया,
उजव्या कडेला बाईची बेरीज, खालच्या कडेला दिवसाची.
ठेकेदाराचा माणूस मोटरसायकलवरून उतरायचा,
दोन्ही कडा बोटानं चाचपायचा, चहा प्यायचा, जायचा.

वीस दिवस हजेरी भरली तरच बोनस.
सकून आत्रामचे एकोणीस झाले होते.
मंगळवारी ती हिवतापानं खाटेवर होती.
बाबांनी तिच्या बुधवारातून एक पुडा काढला,
मंगळवारात ठेवला.
मंगळवार एकानं फुगला,
म्हणून बिजा सिडामच्या मंगळवारातून एक उचलला
आणि तिच्याच बुधवारात टाकला.
चार खाने. अधिक एक, उणे एक,
उणे एक, अधिक एक.
सकूनची बेरीज तीच, बिजाची तीच,
मंगळवारची तीच, बुधवारची तीच.

मी नऊ वर्षांची, खोडरबर माझ्या हातात.
बाबा म्हणाले,
कडा नाही हालल्या पायजे, बाई.
मंधात कोन बसते ते आपन पाहाचं.

मग पुण्यात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी,
एका भिंतभर फळ्यावर कोणीतरी
तीच चाल खडूनं काढली,
तिला नाव होतं, तिच्यामागे अख्खं बीजगणित होतं.
माझ्या घशात मोहफुलांचा वास आला.
मी खोकल्यासारखं केलं.

माझ्या पहिल्या निबंधाच्या संदर्भसूचीत एकवीस नावं आहेत.
बाविसावं घालता आलं असतं:
व्यक्तिगत संवाद, तेंदूफळी, मे महिना.
मार्गदर्शक हसतील म्हणून नाही घातलं.
कदाचित हसलेही नसते.

गुरनुले बाबूंनी पेन खाली ठेवलं आहे.
आमची माय पन जाये फळीवर, ते म्हणतात,
आणि मग एकदम बाबू होऊन:
पन दोन नावांची बेरीज चालनार नाही, मॅडम.
दोघी एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र लागन.
तहसीलीतून. उद्या बाजार आहे, परवा जा.

बरं, म्हणते मी.
बारा लिहू का मग?
पेन्सिलीनं लिहा.