तळटीप

सव्वीस वर्षं मी कुलगुरूंच्या दालनात पाणी ठेवतोय.
सहा साहेब झाले, सगळे बेल वाजवायचे.
सातव्या सिस्टर अगाथा त्रिभुवन.
बेलची वायर त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढली,
ड्रॉवरमध्ये ठेवली, टाचण्यांच्या डबीशेजारी,
आणि दारापर्यंत येऊन म्हणल्या,
‘फकीरराव, घोटभर पाणी देता?’

लोक म्हणायचे, नन काय विद्यापीठ चालवणार,
मेणबत्त्या लावून?
त्यांनी परीक्षा विभाग तुरीसारखा पाखडला.
गुणवाढीची शिफारस घेऊन आलेल्याला
चहा पाजला, बिस्किट दिलं,
चिठ्ठी मात्र ठेवून घेतली, पोलिसांसाठी.

शिक्षण त्यांचं ईश्वरविज्ञानाचं.
देवाचं एवढं काय शिकायचं असतं,
आठ वर्षं, रोमला जाऊन?
विचारलं एकदा मे महिन्यात,
टँकर आला नव्हता तेव्हा.

म्हणल्या, एका दुपारीवर शिकले.
येशू दमून विहिरीवर बसला होता. पोहरा नाही, दोर नाही.
जिच्या हातचं त्याच्या माणसांना चालत नव्हतं
तिलाच त्यानं पाणी मागितलं.
तेवढ्यावरच साडेचारशे पानं.

‘वैजापूरकडच्या आमच्या गावात
आई विहिरीपासून दहा हात लांब उभी राहायची,
घागर खाली ठेवून, कुणी ओतेपर्यंत.
सर विचारायचे, याला आधार कोणत्या ग्रंथाचा?
मी म्हणायचे, आईचा.
दहा हात म्हणजे किती,
ते मात्र त्यांच्या भाषेत सांगता येईना.’

मी माठावरचं फडकं सारखं केलं.
आमच्या गावात विहीर आमची होती.
ओतायचा माझा बाप.
उंचावरून, शिंतोडे उडू नयेत म्हणून
धोतर आवरून.
हे मी त्यांना पाच वर्षांत सांगितलं नाही.

मुदत संपली. दोन पेट्या पुस्तकं आणि एक पिशवी घेऊन
त्या जालन्याच्या बसमध्ये बसल्या,
गाडी नको म्हणल्या.

प्रबंध ग्रंथालयात आहे, कुणी काढत नाही.
ग्रंथपाल बाईंनी मला एक पान उघडून दिलं.
तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत,
मोठमोठ्या परदेशी नावांच्या रांगेत:
गजराबाई त्रिभुवन, तोंडी माहिती.

ओतणाऱ्यांची नावं तिला माहीत असतील.
तळटिपेत ती नाहीत.
मी पान दोनदा पाहिलं.

नव्या साहेबांना वायर सापडली आहे.
वाजतेय.