पडद्यांची झीज

माझं दुकान डुलूथला, सरोवराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर.
खाली कुलपं दुरुस्त करणारा, वर मी.
गाण्यातलं मला फारसं कळत नाही. लाकडातलं कळतं.

टेसा कांगस पहिल्यांदा आली ती एकोणिसाव्या वर्षी,
गहाणवटीच्या दुकानातून एकशे चाळीस डॉलरला घेतलेली गिटार
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
हिवाळाभर हीटरशेजारी ठेवली होती,
पुढच्या फळीला वीतभर भेग.
पैसे पुढच्या महिन्यात, म्हणाली.
पुढच्या महिन्यात एक सीडी आणून दिली,
घरीच केलेली, वर निळ्या शाईत स्वतःचं नाव.
ती मी ऐकली नाही. दुकानात वाजवायला काही नव्हतं.

मग दरवर्षी, रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग काळे पडू लागले
की ती यायची,
आणि ती गप्प बसली तरी गिटार बोलायची.
खालच्या कडेचा टवका, फार्गोच्या बारची पायरी.
पाठीवर पांढुरका डाग, मोटारीत झोपली होती ती रात्र.
पेटीवर कुठल्याशा दातांच्या दवाखान्याचा स्टिकर:
"त्यांच्या सहलीत गायले. पैशांऐवजी दाढ भरून दिली."
आणि तोंड उघडून दाखवली मला, अभिमानाने.

एका वर्षी म्हणाली, आत वायरी बसव, मोठ्या मंचासाठी.
नॅशव्हिलहून कुणी फोन करत होता.
त्याला आवाज तिचा हवा होता, ड्रम त्याचे,
आणि आडनाव जरा सोपं.
मी गिरमिट हातात घेतलं.
थांब, म्हणाली.
खिडकीतून लोखंडाची माती नेणारं जहाज
पुलाखालून पूर्ण जाईपर्यंत बघत राहिली.
मग म्हणाली, "पाड भोक. आडनावाचं बघू."
भोक अजून आहे. त्या माणसाचं नाव तीही विसरली.

एकदा गादीच्या जाहिरातीत तिचं गाणं अठरा सेकंद वाजलं.
त्या पैशांत व्हॅनचा गिअरबॉक्स आला
आणि माझी सात वर्षांची उधारी फिटली,
वर मी न मागितलेलं व्याज.

लोक विचारतात, ती पोचली का?
कुठे, ते सांगत नाहीत.

मी पडदे बघतो.
मानेवर चाप लावून ती सूर चढवायची,
बोटं पडतील तिथे धातूला खळगे पडतात.
विशीत ते खळगे आठव्या पडद्यापाशी,
मुलगी झाली त्या वर्षी सहाव्या,
परवा परवा तिसऱ्या.
आवाज एकेक पायरी खाली येत होता, गुपचूप,
आणि जगात ते मला माहीत होतं,
तिचं गाणं एकदाही न ऐकलेल्या माणसाला.
बोललो नाही. पडदे बदलून दिले.

ऑक्टोबरात टू हार्बर्सच्या वाचनालयात गेलो.
चोवीस खुर्च्या, एकोणीस माणसं,
तिची मुलगी दारात सुटे पैसे मोजत.
टेसाने चाप काढला आणि स्वेटरच्या खिशात टाकला.
उघड्या तारांवर गायली.
आणि तिसऱ्या पडद्यावर एक तार खरखरली.
चूक माझी. कानशीचा एक हात जास्त पडला होता.
पुढचं सगळं गाणं मी फक्त त्या सुराची वाट बघत होतो, घामाघूम.
तो यायचा,
आणि ती थांबायची त्याच्यासाठी,
लंगडणाऱ्या शेजाऱ्यासाठी वळणावर थांबावं तशी,
मग दोघं पुढे.

नंतर म्हणालो, सोमवारी आण, फुकट करून देतो.
"काय?"
खरखर.
"ती होय," म्हणाली, "असू दे. गाणं कसं वाटलं?"
मी म्हणालो, लाकूड आता चांगलं मुरलंय.
ती इतकी हसली की मुलीचे पैसे मोजताना चुकले.

बाहेर गाडीत बसलो, किल्ली फिरवली नाही.
काचेवर सरोवराकडून आलेलं धुकं.
ती निळ्या शाईची सीडी
कुठल्या खणात ठेवली, काही केल्या आठवेना.